बावीस वर्षांची फर्नेस: दुरुस्ती करायची की नवी घ्यायची?

शिकागोच्या सबर्बात हे घर घेतलं तेव्हाच बेसमेंटमधली फर्नेस २००३ ची आहे हे आम्हाला माहीत होतं. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये लिहिलंच होतं की असल्या फर्नेसचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं, तेव्हा बदलायचे पैसे बाजूला ठेवा. ते ठेवलेही होते. पण चालतं यंत्र काढून टाकायला हात होत नाही ना, दर ऑक्टोबरला ती सुरू व्हायची, दर एप्रिलला बंद व्हायची, असं करत २०२५ चा जानेवारी आला. त्याच्या तिसऱ्या आठवड्यात पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे १८ च्याही खाली, आणि फर्नेस आधी किंचाळायला लागली नि मग बंद पडली.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे घर गरम करायला बेसमेंटमध्ये गॅसची मोठी भट्टी असते. थर्मोस्टॅटने सांगितलं की आधी एक छोटा पंखा सुरू होतो, त्याला इन्ड्यूसर म्हणतात, तो जळलेला धूर बाहेर ओढायची सोय करतो. तो नीट ओढतोय हे प्रेशर स्विचला कळलं की मगच इग्नायटर लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योती पेटतात. मग पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि घरातली हवा गरम नळ्यांच्या बाहेरून खेळवून डक्टमधून खोल्याखोल्यांत पाठवतो. या नळ्या म्हणजे हीट एक्स्चेंजर. नळीच्या आत जळता गॅस आणि धूर, नळीच्या बाहेर आपण श्वासात घेतो ती हवा, मध्ये फक्त पातळ पत्रा. या एका पत्र्यावर आमचा सगळा निर्णय फिरला.

नवऱ्याने पॅनल उघडून बघितलं तर आतल्या बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकत होता. पॅनलच्या आतल्या बाजूला कोडचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात लिहिलेलं, प्रेशर स्विच उघडा. म्हणजे धूर ओढला जात नाहीये. किंचाळण्याचा आवाज इन्ड्यूसरमधून येत होता, त्यामुळे अंदाज आला होता, पण गॅसचं काम, म्हणून एका मोठ्या कंपनीला फोन केला, ती लोकं संध्याकाळी आली.

आलेला माणूस बोलायला फार चांगला होता. पंधरा-वीस मिनिटं खाली होता, वर येऊन म्हणाला की हीट एक्स्चेंजरला चीर गेलीये, कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, कायद्याने मला हे चालू ठेवून जाता येणार नाही. गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, फर्नेसला लाल टॅग लावला, आणि टॅबलेटवर नव्या फर्नेस आणि एसीचा आकडा दाखवला, १७,८०० डॉलर. आज रात्री सही केलीत तर १,५०० कमी, उद्या ही ऑफर नसेल. चीर कुठे आहे ते दाखवा म्हटलं तर म्हणाला आत आहे, तुम्हाला दिसणार नाही. मीटरवर किती आकडा आला विचारलं तर नीट उत्तर नाही.

तो मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. पण घरात सासूबाई, एक नऊ वर्षांचा मुलगा, बाहेर ही थंडी, आणि समोर सहीसाठी पुढे केलेला टॅबलेट, या अवस्थेत कुणालाही अठरा हजारांचा निर्णय घ्यायला लावणं मला अजूनही अयोग्य वाटतं. आम्ही सही केली नाही.

पण त्याचं म्हणणं उडवूनही लावलं नाही, आणि हे मी जोर देऊन सांगते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तोच हा गॅस. इथे इलिनॉयमध्ये २००७ पासून कायदाच आहे की प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १५ फुटांत याचा अलार्म हवा, आमच्याकडे तो होता आणि वाजला नव्हता, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. हे घरगुती अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे ७० भाग) लगेच वाजत नाहीत, तासभर ते चार तास एवढा वेळ त्या पातळीवर राहिलं तर वाजतात. खोटे अलार्म होऊ नयेत म्हणून त्यांचं स्टँडर्डच तसं आहे. म्हणजे अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा होत नाही. म्हणून टॅग लावलेला तसाच ठेवला, गॅस बंदच ठेवला, आणि दुसऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

ती रात्र दोन इलेक्ट्रिक हीटरवर काढली. त्यातही गणित आहे, एक हीटर १,५०० वॅटचा, आणि इथलं नेहमीचं १५ अँपिअरचं सर्किट १,८०० वॅट झेपतं, म्हणजे एका सर्किटवर एकच हीटर, एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नाही. सगळे एका खोलीत झोपलो, सिंकखालची कपाटं उघडी ठेवली, नळ बारीक धारेने चालू ठेवले म्हणजे पाइप गोठू नयेत. सकाळी हॉलमध्ये ५४ फॅरनहाइट होतं, सेल्सिअसमध्ये १२. महाबळेश्वरला १२ ला आपण मजेत फिरतो हो, पण घरातल्या भिंती १२ च्या असल्या की ती थंडी हाडात जाते.

दुसरा टेक्निशियन एका छोट्या, बापलेकांच्या कंपनीतला. त्याने आधी काही न बोलता सामान काढलं. इन्ड्यूसर काढून त्याची बेअरिंग हाताने फिरवून दाखवली, ती अडकत होती. मग तात्पुरता दुसरा इन्ड्यूसर लावून फर्नेस पेटवली, धुराच्या पाइपात कम्बश्चन अ‍ॅनालायझरची नळी घातली आणि आकडा आम्हालाच वाचायला सांगितला. धुरात ४०० पीपीएमच्या वर असेल तर ती फर्नेस चालवायची नाही असा दंडक आहे, आमचा आकडा ५० च्याही आत होता. मग म्हणाला ज्योतीकडे बघत राहा, आता ब्लोअर सुरू होईल. नळीला चीर असेल तर ब्लोअरचा वारा आत घुसतो आणि ज्योत हलते, पिवळी पडते, बाहेर झुकते. आमच्या चारही ज्योती निळ्या आणि सरळ. शेवटी फर्नेस थंड करून चारही नळ्यांत कॅमेरा घातला, फोनवर व्हिडिओ दिला. एका नळीच्या वळणावर गंजाचा ओघळ होता, लांबून बघितलं तर रेघ वाटावी असा. चीर नव्हती.

इन्ड्यूसर बदलायचे ७८० डॉलर. आता खरा प्रश्न इथे आला. कारण फर्नेस बावीस वर्षांची तर आहेच, त्यात ७८० घालायचे का?

इथे एक नियम सगळेजण सांगतात, ५,००० चा नियम. वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, उत्तर ५,००० च्या वर गेलं तर नवी घ्या. आमचं २२ गुणिले ७८० म्हणजे १७,१६०, तेव्हा नियमाप्रमाणे नवीच. पण हा नियम उलटा करून बघा, बावीस वर्षांच्या फर्नेसला २२७ डॉलरच्या वरची कुठलीच दुरुस्ती करायची नाही असं त्यातून निघतं. एका इग्नायटरला, फ्लेम सेन्सर साफ करायला माणूस बोलावला तरी एवढे होतात. हा नियम फर्नेस विकणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे, आणि तो कुठला भाग बिघडलाय ते विचारतच नाही. मला वाटतं विचारायचं तेच. इन्ड्यूसर, इग्नायटर, प्रेशर स्विच, कपॅसिटर, अगदी ब्लोअरची मोटरसुद्धा, हे बदलायचे भाग आहेत, ते बदलले की यंत्र तेवढंच सुरक्षित राहतं. हीट एक्स्चेंजर फुटला तर मात्र एक डॉलरही घालायचा नाही, कारण तिथे प्रश्न पैशाचा राहत नाही, घरातल्या माणसांचा होतो.

सासूबाईंचा कौल दुरुस्तीला होता. साताऱ्याला त्यांच्याकडे तांब्याचा बंब होता, त्याला गळती लागली की कासाराकडून डाग मारून आणायचे, तो म्हणे त्यांच्या सासूच्या लग्नातला. त्या म्हणाल्या, एक पंखा बिघडला म्हणून अख्खी चूल कोण टाकतं गं. नवऱ्याचं म्हणणं वेगळं, आज इन्ड्यूसर, उद्या बोर्ड, परवा ब्लोअर, नि हे सगळं जानेवारीतच होणार. दोघांचंही खरं होतं.

माझं म्हणणं असं होतं की ७८० डॉलर हे फर्नेस वाचवायला नाहीत, ते वेळ विकत घ्यायला आहेत. गोठत्या घरात बसून निवड करायची नाही. एक हिवाळा पार करायचा, त्या हिवाळ्यात या घराला खरं किती उष्णता लागते ते मोजायचं, उन्हाळ्यात तीन ठिकाणी विचारायचं आणि शरद ऋतूत, थंडी पडायच्या आत बदलायचं. म्हणजे दुरुस्ती की नवी, याचं आमचं उत्तर दोन्ही, पण ओळीने. शेवटी घरात हेच ठरलं, आणि इन्ड्यूसर त्याच दिवशी बसला.

मोजायचं कसं ते सांगते, ज्याच्या घरात गॅसची फर्नेस आहे असा कुणीही हे करू शकतो. खूप थंड रात्र निवडायची. वॉटर हीटर पायलटवर ठेवायचा, गॅसवर काही शिजवायचं नाही, थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर. झोपताना गॅस मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी परत लिहायचा. आमच्याकडे बाहेर साधारण २ फॅरनहाइट असताना आत ६८ ठेवायला आठ तासांत ४.८ थर्म गॅस जळला. थर्म हे बिलावरचं गॅसचं माप, बीटीयू हे उष्णतेचं एकक, आणि एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. फर्नेस ८० टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे घरात आलेली उष्णता ३,८४,००० बीटीयू, भागिले आठ तास, ताशी ४८,०००.

आता आमच्या जुन्या फर्नेसवर लिहिलं होतं ताशी १,००,००० बीटीयू. त्यातून घरात ८०,००० येतात. लागतात ४८,०००, तेही जवळजवळ सगळ्यात थंड रात्री! म्हणजे बावीस वर्षं ही फर्नेस गरजेपेक्षा खूप मोठी होती, पाच-सहा मिनिटं भडकायची, बंद पडायची, परत भडकायची. त्यामुळेच खालचा मजला उकडायचा आणि वरच्या बेडरूम थंड राहायच्या, कारण हवा नीट फिरायच्या आतच थर्मोस्टॅट गप्प व्हायचा. आणि पहिल्या कंपनीचं ते १७,८०० चं कोटेशन कितीचं होतं, परत एक लाख बीटीयूचं, आणि तेही ९६ टक्क्यांचं, म्हणजे घरात येणार ९६,०००, लागतात त्याच्या दुप्पट. जुन्याची पाटी वाचायची आणि तेवढीच नवी लिहायची, बहुतेकजण असंच करतात. वास्तविक त्यासाठी मॅन्युअल जे नावाची रीतसर पद्धत आहे, भिंती, खिडक्या, अ‍ॅटिक (छताखालची पोकळी), हवेची गळती सगळं धरून उष्णतेचा हिशोब करायची.

नवरा म्हणाला, पण २०१९ चं काय? त्याची भीती बरोबर होती. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, सेल्सिअसमध्ये उणे तीसच्याही खाली. तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो, पण तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. हिशोब करून बघितला. घराची गरज आत-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात वाढते, ६६ अंशांच्या फरकाला ४८,००० लागले तर उणे २३ ला फरक ९१ चा, म्हणजे ६६,००० लागणार. ६०,००० बीटीयूची ९६ टक्क्यांची फर्नेस घेतली तर घरात येणार ५७,६००. आठ हजार कमी. वर्षानुवर्षांत एखादी रात्र अशी, तेव्हा दोन इलेक्ट्रिक हीटर लावून भागेल, हा एक मार्ग. किंवा ८०,००० ची घ्यायची. त्यावर बरीच चर्चा झाली घरात.

मग त्या बापलेकांतल्या बापाने एक साधी गोष्ट सुचवली, मोठी फर्नेस घ्यायच्या आधी अ‍ॅटिकमध्ये डोकावून या. वर आर-१९ (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद) म्हणजे फक्त सहा इंच फायबरग्लास होतं, ते पण जागोजागी दबलेलं, आणि लाइट फिटिंगच्या, पाइपच्या भोकांतून घरातली गरम हवा सरळ वर जात होती. आत्ताच्या हिशोबाने आमच्या भागात आर-४९ तरी पाहिजे. मे महिन्यात ती सगळी भोकं फोमने बुजवून घेतली आणि वरून सेल्युलोज फवारून घेतलं. त्याला २,४०० डॉलर लागले, त्यातल्या मालाच्या किमतीवर २०२५ मध्ये फेडरल टॅक्स क्रेडिट ३० टक्के होतं (मजुरीवर नाही). या कामाने गरज दहा-बारा टक्के जरी कमी झाली तरी उणे २३ ची रात्र ६०,००० च्या फर्नेसमध्ये जवळपास बसते. एवढे पैसे घालून जे मिळालं ते उन्हाळ्यातसुद्धा मिळालं, वरच्या खोल्या जुलैत आधीपेक्षा खूप सुसह्य होत्या.

आता हीट पंपाबद्दल. मला मनापासून हीट पंप हवा होता. घरात काही जाळायचं नाही, धूर नाही, कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही, एसी उलटा चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणायची, किती सुंदर कल्पना आहे ती. शिवाय हीट पंपावर ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर टॅक्स क्रेडिट होतं, आणि जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार हे नक्की झालं, त्यामुळे आता नाही तर कधीच नाही असं वाटायला लागलं. पण आमच्या बिलांवर हिशोब मांडला तेव्हा तो जमला नाही. एक थर्म म्हणजे २९.३ युनिट वीज. ९६ टक्क्यांच्या फर्नेसमधून त्यातले २८ घरात येतात. आमच्याकडे तेव्हा थर्मला साधारण एक डॉलर पडत होता, म्हणजे युनिटभर उष्णता साडेतीन सेंटला. वीज सगळं धरून १७ सेंट. म्हणजे हीट पंपाने एका युनिट विजेत जवळजवळ पाच युनिट उष्णता दिली तरच बरोबरी. चांगला हीट पंप ४७ फॅरनहाइटला साडेतीन-चार देतो, १७ फॅरनहाइटला अडीचच्या आसपास. वीज त्यातच महागली होती, आमचा भाग पीजेएम नावाच्या ज्या वीजजाळ्यावर आहे तिथे क्षमतेच्या लिलावातला (म्हणजे गरजेला वीज द्यायची तयारी ठेवायला वीजकेंद्रांना मिळणारा) भाव दिवसाला दर मेगावॅटमागे २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला आणि जून २०२५ पासून तो बिलात दिसायला लागला.

माझा मामेभाऊ शार्लटला राहतो, त्याच्या घरात गॅसची लाइनच नाही, थंडी सौम्य, त्याच्याकडे हीट पंप सोडून दुसरा विचार करायचं कारणच नाही. तो सारखा म्हणायचा, तुम्ही अजून काय भट्टी पेटवत बसलात! पण त्याचं उत्तर त्याच्या गावाचं आहे, आमचं आमच्या. आपल्या बिलावरचे दोन आकडे, थर्मचा आणि युनिटचा, हे घेतल्याशिवाय कुणाचाही सल्ला घेऊ नये असं मला वाटतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून एवढं केलं की नवीन थर्मोस्टॅटची वायर आठ तारांची ओढून घेतली आणि एसीची कॉइल हीट पंपालाही चालेल अशी मागितली, म्हणजे उद्या भाव बदलले तर फक्त बाहेरचं युनिट बदलून काम होईल.

एसी बदलायचा की नाही यावर फार वेळ गेला नाही. तो पण २००३ चाच, आर-२२ या थंड करणाऱ्या गॅसवरचा (हा आर वेगळा), आणि त्या गॅसचं नवं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद आहे, उरलेला साठा महाग. एसीची कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसते, आज फर्नेस बदलून दोन वर्षांनी एसी बदलला तर तेच पत्र्याचं काम परत. २०२५ पासून नव्या एसीत आर-४१०ए पण जाऊन आर-४५४बी किंवा आर-३२ आलंय. उन्हाळ्यात आर-४५४बी च्या टाक्यांचा तुटवडा होता, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबलो ते त्या दृष्टीनेही बरं झालं.

ऑगस्टमध्ये तीन कोटेशनं हातात होती. पहिल्या कंपनीचं जुनंच, एक लाखाची फर्नेस. दुसरं १२,४०० चं, ८०,००० ची फर्नेस, तो माणूस दारातून आत येऊन दहा मिनिटांत आकडा देऊन गेला. तिसरं त्या बापलेकांचं, १३,१५० चं, ६०,००० ची दोन-स्टेजची (मंद आणि पूर्ण अशा दोन पातळ्यांवर चालणारी) ९६ टक्के. आम्ही तिसरं घेतलं, साडेसातशे जास्त देऊन, आणि त्याचं कारण सांगते.

जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर दोघांचा धूर एकाच धुराड्यातून वर जायचा. नवी ९६ टक्क्यांची फर्नेस धुरातली उष्णता इतकी शोषून घेते की धूर कोमट होतो आणि तो प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडतात. मग त्या मोठ्या धुराड्यात बिचारा एकटा वॉटर हीटर उरतो. त्याचा थोडासा धूर तेवढ्या रुंद, थंड नळीत वर चढत नाही, आतच गार होतो, पाणी सुटतं, नि कधी उलटा घरात पण येतो. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने फर्नेस बदलायची आणि वॉटर हीटरमधून तोच घरात घ्यायचा! त्यासाठी धुराड्याची नळी बारीक करावी लागते. हे तिघांतल्या फक्त एकाने सांगितलं आणि कोटेशनमध्ये लिहिलं. बाकीच्यांना विचारलं तेव्हा एक म्हणाला, ते लागलं तर नंतर बघू. असं चालत नाही.

दुसरं म्हणजे त्याने डक्टमधला हवेचा दाब मोजला. हा दाब पाण्याच्या इंचांत मोजतात, फर्नेसला ०.५ इंचापर्यंत चालतो, आमच्याकडे ०.९ होता. एक इंच जाडीचा, बारीक धूळही अडवणारा मर्व-१३ फिल्टर बरीच हवा अडवत होता, आणि वरच्या मजल्यावरून हवा परत यायची वाट अरुंद. अशा डक्टवर ८०,००० ची बसवली असती तर ती तापून लिमिट स्विचवर सारखी बंद पडली असती असं तो म्हणाला. त्याच्या कोटेशनमध्ये चार इंची फिल्टरची पेटी होती, परमिट होतं, सगळं कागदावर.

टॅक्स क्रेडिटचं विचाराल तर फर्नेसला ते ९७ टक्के किंवा त्यावर असेल तरच होतं, जास्तीत जास्त ६००. ९७ च्या मॉडेलला आम्हाला १,९०० जास्त सांगितले, तेव्हा तो मोह सोडला. एक टक्क्याने आमच्या बिलात वर्षाला दहा डॉलरसुद्धा वाचले नसते.

ऑक्टोबरमध्ये काम झालं. सकाळी आठला आले, संध्याकाळी सहापर्यंत सगळं बसलं होतं. जुनी बाहेर काढताना सासूबाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी त्या माणसांना चहा पाजलाच. बाहेरच्या भिंतीवर दोन पांढरे पाइप आले, एक हवा आत घ्यायचा, एक धूर सोडायचा. हे बर्फाच्या नेहमीच्या थरापेक्षा फूटभर तरी वर हवेत, नाहीतर बर्फात बुजले की फर्नेस बंद. आमचे आधी खाली घेत होते, मी दाखवल्यावर वर घेतले. मोठा बर्फ पडला की मुलाचं काम ठरलंय, बूट घालून जाऊन पाइप मोकळे आहेत का ते बघून यायचं. व्हिलेजचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आठवड्याभरात येऊन गेला. वॉरंटी मात्र आपण स्वतः ऑनलाइन रजिस्टर करायची, बऱ्याच कंपन्या ६० किंवा ९० दिवसांची मुदत देतात, ती चुकली तर पार्टची दहा वर्षांची वॉरंटी पाच वर होते, आणि मजुरी त्यात नसतेच. मी त्यासाठी लागणारा सीरियल नंबर बसवणाऱ्या माणसाकडून त्याच दिवशी लिहून घेतला.

आता आवाजाचं म्हणाल तर वरून कळतच नाही चालू आहे की बंद. पहिल्या स्टेजवर ती बराच वेळ, हळू चालते. बाहेर एक अंकी तापमान होतं त्या रात्री परत मीटर वाचला, नव्या कार्यक्षमतेने हिशोब केला तर घराची गरज खरंच आधीपेक्षा कमी आलीये, आणि त्या रात्रीही दुसरी स्टेज फार वेळ लागली नाही. वरचा नि खालचा मजला यात आधी सहा अंशांचा फरक असायचा, तो आता दोन-तीनवर आलाय. मुलाच्या खोलीत अजून थोडं गार राहतं, तिथून हवा परत यायला वेगळी वाटच नाही, ती भिंतीतून काढायचं काम एप्रिलमध्ये करायचं ठरलंय, त्याचे ६५० सांगितलेत.